वशिला नव्हे, परिचय

नोकरीच्या शोधात असलेला तरुण प्रथम कोणाकडे जातो? काका-मामांकडे, शेजाऱ्यांकडे, जिवलग मित्रांकडे. तेथे काही हाती लागले नाही, की ‘आपले कोणी नाही’ असे म्हणून तो खचतो. परंतु कामाची वार्ता पुष्कळदा ह्या वर्तुळाबाहेरूनच येते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला व १९७३ साली त्याविषयी निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून काम मिळाले होते, त्यांना त्यांनी विचारले की, वार्ता देणारी व्यक्ती त्या काळात आपणांस कितीदा भेटत असे? वारंवार भेटणारे केवळ १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्के अधूनमधून, तर २७.८ टक्के क्वचितच भेटणारे होते. कारण उघड आहे. आपल्या जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला ठाऊक असते, तेच त्यांनाही ठाऊक असते. दूरचा परिचित वेगळ्या वर्तुळातली खबर आणतो.

लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांविषयीचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यातही हेच आढळले, मात्र एका दुरुस्तीसह: अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम परिचय अधिक उपयोगी ठरतो. म्हणजे केवळ नावांची यादी वाढवून भागत नाही. परिचय राखावा लागतो.

तो कसा राखावा? जुने शिक्षक, पूर्वीचे सहकारी, परगावी स्थायिक झालेले वर्गमित्र यांची वर्षातून एकदोनदा, काही काम नसतानाही, विचारपूस करावी. त्यांच्या उपयोगाची माहिती मिळाल्यास ती आपणहून कळवावी. कोणी सल्ला दिला, तर पुढे काय झाले हे त्याला अवश्य सांगावे. बहुतेक जण नेमके हेच विसरतात. आणि गरज पडेल तेव्हा नोकरी न मागता माहिती मागावी: ह्या कामास कोणते शिक्षण लागते? जागा निघाल्याचे कोठे कळते? अशा प्रश्नाने समोरचा संकोचत नाही.

‘ओळखीने काम’ म्हटले की, आपल्या मनात वशिला येतो आणि स्वाभिमानी मनुष्य मागे सरतो. पण दोहोंत अंतर आहे. वशिला दुसऱ्याचा हक्क डावलतो. परिचय केवळ दार कोठे आहे ते दाखवतो, आत मात्र स्वतःच्या गुणांवरच जावे लागते.

ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वार्ता ओळखीतूनच फिरत असेल, तर ज्याच्या ओळखी थोड्या, तो लायक असूनही बाहेर राहतो. म्हणून नोकरीत स्थिरावलेल्या वाचकांना विनंती: आपल्या कार्यालयात जागा निघाली, तर ती घरच्यांबरोबर घराबाहेरच्या एखाद्या होतकरू मुलामुलीलाही कळवावी. त्यांच्यासाठी तो दूरचा परिचित आपणच असतो.