विमान आधारसामग्री दुवा

उड्डाणातील विमान आणि भूमीवरील केंद्र यांच्यात तोंडी बोलण्याऐवजी अक्षरे, अंक व संकेत यांच्या रूपातील माहितीची अंकीय रेडिओ संदेशांद्वारे देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीस विमान आधारसामग्री दुवा म्हणतात. विमान व्यवसायात ही प्रणाली ‘डेटालिंक’ या नावाने ओळखली जाते. विमानाच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा, एंजिनांची स्थिती, हवामानाचे अहवाल, तसेच वाहतूक नियंत्रकाने दिलेल्या अनुज्ञा या दुव्यावरून पाठविता येतात. लष्करी विमानांत वापरले जाणारे दुवे वेगळ्या स्वरूपाचे असतात. येथे नागरी विमानांतील दुवे व उड्डाण सदृशीकरणातील त्यांचा उपयोग यांचेच विवरण केले आहे.

आवश्यकता : नियंत्रक व वैमानिक यांच्यातील तोंडी संभाषण मुख्यत्वे ११८ ते १३७ मेगॅहर्ट्‌झ या अतिउच्च कंप्रता पट्ट्यात चालते. एका क्षेत्रातील सर्व विमाने एकाच परिवाहावर असल्यामुळे एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलू लागल्यास व्यतिकरण होऊन शिट्टीसारखा आवाज येतो व दोन्ही संदेश अस्पष्ट होतात. कानेरी बेटांपैकी टेनेरीफ येथील लोस रोदेओस विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ‘आपण अजून धावपट्टीवरच आहोत’ हा पॅन ॲम विमानाचा संदेश आणि नियंत्रकाची सूचना एकाच वेळी प्रक्षेपित झाल्यामुळे केएलएम विमानाच्या कक्षात ते दोन्ही नीट ऐकू गेले नाहीत. मात्र त्यानंतरचे नियंत्रक व पॅन ॲम यांच्यातील संभाषण तेथे ऐकू आले आणि त्यावरून दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका केएलएमच्या उड्डाण अभियंत्याने बोलून दाखविली. कप्तानाने ती मान्य केली नाही. सामाईक परिवाहाचा दोष व त्याचा मोठा गुण हे दोन्ही या एकाच अपघातात दिसून येतात. लेखी संदेश गोंगाटात हरवत नाही, पण शेजारच्या विमानाला तो ऐकूही येत नाही. आधारसामग्री दुव्याचे बहुतेक फायदे व धोके या एका भेदातून उद्‌भवतात.

इतिहास : विमान कंपन्यांसाठी रेडिओ सेवा पुरविणाऱ्या एरिंक (स्थापना १९२९) या अमेरिकन संस्थेने १९७८ मध्ये एकार्स ही प्रणाली सुरू केली. विमान जागेवरून हलले, त्याने भूमी सोडली, ते भूमीवर उतरले व जागेवर येऊन थांबले या चार घटनांच्या वेळा आपोआप कळविणे, हा तिचा आरंभीचा हेतू होता. त्यापूर्वी वैमानिक या वेळा तोंडी कळवीत. या वेळांवर कर्मचाऱ्यांचे वेतन अवलंबून असल्यामुळे त्या अचूक असणे आवश्यक होते. पुढे या प्रणालीवरून इंधन, वजन, हवामान व यंत्रदोष यांविषयीचे संदेशही जाऊ लागले.

वाहतूक नियंत्रणासाठी दुव्याचा वापर मुख्यतः महासागरांवरील उड्डाणांच्या गरजेतून झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८३ मध्ये भावी मार्गनिर्देशन प्रणालींच्या अभ्यासासाठी विशेष समिती नेमली. तिच्या संकल्पनेवर आधारलेली फॅन्स-१ ही सामग्री १९९५ मध्ये बोइंग ७४७-४०० विमानांत दक्षिण पॅसिफिक महासागरावर वापरात आली. एअरबस विमानांसाठी तिच्याशी जुळणारी फॅन्स-ए ही सामग्री तयार झाली. यूरोपात २८,५०० फुटांवरील बहुतेक उड्डाणांना वेगळ्या जाळ्यावर आधारलेला दुवा सक्तीचा करण्यात आला. तथापि संपर्क वारंवार आपोआप तुटत असल्याचे आढळल्याने तेथील विमानांसाठीची मुदत २०२० पर्यंत लांबवावी लागली.

माध्यमे : मूळ एकार्स प्रणालीत अतिउच्च कंप्रतेवर सेकंदाला २,४०० बिट या वेगाने संदेश जातो व एका खंडात जास्तीत जास्त २२० अक्षरे मावतात. नंतरच्या प्रकारात हा वेग सेकंदाला ३१,५०० बिट आहे. अतिउच्च कंप्रतेचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे खूप उंचीवरील विमानासाठीही त्यांचा पल्ला सु. ३७० किमी. एवढाच असतो. समुद्रावर भूस्थिर उपग्रहांचा उपयोग होतो. परंतु ध्रुवीय प्रदेशातून हे उपग्रह दिसत नाहीत. तेथे आयनांबरावरून परावर्तित होणारे उच्च कंप्रतेचे तरंग किंवा कमी उंचीवरून फिरणाऱ्या ६६ इरिडियम उपग्रहांचे जाळे उपयोगी पडते. विमानातील संदेशवहन संगणक उपलब्ध माध्यमांतून योग्य ते निवडतो. ही निवड वैमानिकाच्या सहसा लक्षात येत नाही. मात्र माध्यम बदलले की संदेशाला लागणारा वेळही बदलतो.

कार्यपद्धती : प्रथम विमान आपला उड्डाण क्रमांक व नोंदणी चिन्ह पाठवून संबंधित नियंत्रण केंद्राकडे नोंद करते. ही माहिती उड्डाण योजनेशी जुळली, तरच संपर्क प्रस्थापित होतो. त्यानंतरची देवाणघेवाण दोन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात विमान ठरलेल्या अंतराने आपले स्थान, उंची व पुढील मार्गबिंदू आपोआप कळविते. दुसऱ्या प्रकारात नियंत्रक व वैमानिक पूर्वनिश्चित वाक्यांचे संदेश एकमेकांना पाठवितात. फॅन्स प्रणालीत नियंत्रकाकडून जाणारी सु. १८० व विमानाकडून येणारी सु. ८० वाक्ये ठरलेली असून त्यांत उंची, वेग, वेळ यांसारख्या रिकाम्या जागा भरावयाच्या असतात. आलेली अनुज्ञा वैमानिक पडद्यावर वाचतो, सहकाऱ्याकडून पडताळून घेतो आणि पालन करीत असल्याचे, शक्य नसल्याचे किंवा थांबण्याविषयीचे उत्तर कळ दाबून पाठवितो. नव्या मार्गाची अनुज्ञा असल्यास ती थेट उड्डाण व्यवस्थापन संगणकात भरता येते. त्यामुळे आकडे हाताने भरताना होणाऱ्या चुका टळतात.

तोंडी सूचनेला काही सेकंदांत उत्तर मिळते. याउलट महासागरी नियंत्रणाच्या एका प्रचलित मानकानुसार संदेश पाठविल्यापासून उत्तर मिळेपर्यंतची देवघेव २४० सेकंदांत पूर्ण होणे अपेक्षित असते. म्हणूनच तातडीच्या सूचना आजही तोंडीच दिल्या जातात. भारतात मुंबई व चेन्नई उड्डाण माहिती प्रदेशांच्या सागरी भागांत हे दुवे वापरले जातात. तेथे किनाऱ्यावरील रडार व अतिउच्च कंप्रता रेडिओ यांच्या पल्ल्याबाहेर पूर्वी केवळ खरखरीत उच्च कंप्रता संभाषणावर अवलंबून राहावे लागे.

उड्डाण सदृशीकरण : प्रत्यक्ष उड्डाणाची परिस्थिती भूमीवर निर्माण करणाऱ्या सदृशकात आधारसामग्री दुवा दोन प्रकारे समाविष्ट करतात. एका प्रकारात विमानातील खरा संदेशवहन संगणक बसवून त्याला कृत्रिम संकेत पुरवितात. दुसऱ्यात त्या संगणकाचे वर्तन आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण करतात. पहिला प्रकार अधिक हुबेहूब असतो, तर दुसरा स्वस्त असून त्यात हवे तेव्हा दोष घालता येतात. नियंत्रकाची भूमिका प्रशिक्षक आपल्या चालन फलकावरून करतो किंवा ती संगणकाकडे सोपविली जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सदृशकांसाठी ठरविलेल्या निकषांच्या २००९ मधील आवृत्तीत वाहतूक नियंत्रणाच्या सदृश परिसराचाही विचार केलेला आहे.

अमेरिकेत नासाचे लँगली संशोधन केंद्र व संघीय विमान वाहतूक प्रशासन यांनी १९८० नंतरच्या काळात दुव्याचा वापर सदृशकांत तपासला. लेखी संदेशांमुळे चुकीचे ऐकणे व स्मरणावर विसंबणे कमी होत असले, तरी उत्तराला अधिक वेळ लागतो, दोन्ही वैमानिकांची नजर बाहेरून पडद्याकडे वळते आणि इतर विमानांच्या हालचालींची संभाषणातून आपसूक होणारी जाणीव घटते, असे अशा अभ्यासांतून दिसून आले.

यावरून सदृशकाकडून काय अपेक्षित आहे, ते ठरते. पडद्यावर संदेश तत्काळ उमटविणारा सदृशक कळांचा क्रम शिकवितो; पण वाट पाहणे शिकवीत नाही. म्हणून संदेशातील विलंब यादृच्छिक ठेवणे, मध्येच संपर्क तोडणे, जुना संदेश उशिरा पोहोचविणे, नोंद नाकारणे असे प्रसंग मुद्दाम घडवितात. सशर्त अनुज्ञेचा सराव विशेष महत्त्वाचा आहे. ‘अमुक वेळी किंवा अमुक बिंदूवर वर चढा’ या संदेशातील अट नजरेतून सुटून विमान लगेच चढू लागल्याच्या घटना महासागरी उड्डाणांत नोंदल्या गेल्या आहेत. दोघांनी संदेश स्वतंत्रपणे वाचून मगच बोलावे, ही शिस्त अशा सरावानेच अंगी बाणते. नियंत्रकांच्या प्रशिक्षणासाठीही सदृशक वापरतात. संगणकावर उड्डाणाचा छंद जोपासणाऱ्यांच्या आंतरजालावरील जाळ्यांतही असे संदेश पाठविता येतात. मात्र ते रेडिओऐवजी आंतरजालातून जात असल्याने माध्यमाच्या मर्यादा त्यांत उमटत नाहीत.

महत्त्व व मर्यादा : अपघातांच्या चौकशीत दुव्यावरील संदेश मोलाचे ठरले आहेत. एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले, तेव्हा सु. पाच मिनिटांत आपोआप आलेल्या २४ देखभाल संदेशांवरून वेगमापनातील विसंगतीचा सुगावा लागला. उड्डाण नोंदक मात्र मे २०११ मध्ये हाती आले. मलेशिया एअरलाइन्सचे ३७० क्रमांकाचे विमान ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झाले, त्या वेळी एकार्स संदेश थांबले होते. परंतु उपग्रहाशी चाललेल्या स्वयंचलित संपर्काच्या नोंदींवरून विमान नंतर कित्येक तास उडत होते, हे कळले. दुसरीकडे एकार्सवरील बरेच संदेश गुप्तलेखनाविना जातात. साध्या ग्राहीने ते कोणालाही वाचता येतात आणि खोटा संदेश घुसविला जाण्याचा धोका राहतो. त्यामुळे अनपेक्षित वा विसंगत वाटणाऱ्या अनुज्ञेची तोंडी खात्री करून घेण्याचा नियम दुवा प्रचारात आल्यानंतरही कायम ठेवलेला आहे आणि सदृशकातील प्रशिक्षणात त्यावर भर दिला जातो.