तिसऱ्या चाकाचा हिशोब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दुचाकीला आणखी एक चाक लावलं की ती पडत नाही, म्हणजेच ती अधिक सुरक्षित झाली, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीपासून तो मनात बसलेला आहे. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, तो आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. विषय आहे लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीचं तीनचाकीत रूपांतर. अमेरिकेत अशा गाडीला ‘ट्राइक’ म्हणतात. मी आयुष्यभर वाहन अभियांत्रिकी शिकवली, त्यामुळे थोडं गणितही येईल. पण ते सातवी-आठवीच्या पलीकडचं नसेल.

मुळात असं रूपांतर लोक करतात कशासाठी? होंडाच्या ‘गोल्ड विंग’चं उदाहरण घेऊ. ही गाडी १९७४ साली जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात जगापुढे आली आणि पुढे लांबच्या प्रवासाची गाडी म्हणून अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. २००१ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत सहा सिलिंडरचं १८३२ सीसीचं इंजिन होतं आणि वजन होतं जवळपास चार क्विंटल. रस्त्यावर धावताना हे वजन जाणवत नाही. जाणवतं ते सिग्नलला थांबल्यावर. मागे बायको बसलेली, पेट्या सामानानं भरलेल्या आणि सगळा तोल दोन पायांवर! साठी ओलांडलेल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो क्षण नकोसा होतो. ही गाडी पायानं मागे ढकलणंही कठीण, म्हणून १९८८ च्या आवृत्तीपासून कंपनीनं स्टार्टरच्या मोटरवर चालणारी मागे जाण्याची सोयच देऊन टाकली. तरी थांबल्यावरच्या तोलाचा प्रश्न उरलाच. गाडी विकायची किंवा तिला तिसरं चाक लावायचं, असे दोनच मार्ग राहतात. त्यातून तिथे ट्राइक बनवून देणारा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला.

कल्पना मात्र जुनी आहे. हार्ले-डेव्हिडसननं १९३२ पासून १९७३ पर्यंत ‘सर्व्ही-कार’ नावाची तीनचाकी बनवली, ती पोलिसांकडे आणि दुकानदारांकडे असे. आपल्याकडेही दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करातून निघालेल्या मोटारसायकलींचा मागचा भाग बदलून त्यांची प्रवासी वाहनं केली होती. त्यांना ‘फटफटी’च म्हणत आणि १९९८ पर्यंत त्या चालल्या. आपल्या दारातल्या रिक्षाचं कूळही स्कूटरचंच. इटलीत व्हेस्पा स्कूटरवरून १९४८ साली ‘आपे’ ही तीनचाकी निघाली, तिच्याच गोतातली आपली रिक्षा.

आता मुद्द्यावर येऊ. दुचाकी वळते ती कलून. वेगात असताना उजवीकडे जायचं तर स्वार उजवी मूठ किंचित पुढे ढकलतो. हँडल क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतो. गाडी आत कलल्यामुळे बाहेर फेकणारा जोर तोलला जातो आणि स्वाराला तो आसनात दाबल्यासारखा जाणवतो.

तीनचाकी कलत नाही. तिला उजवीकडे न्यायचं तर हँडल सरळ उजवीकडे फिरवावं लागतं, म्हणजे उजवी मूठ आपल्याकडे ओढावी लागते. तीस वर्षं मोटारसायकल चालवलेल्या माणसानं घाईच्या क्षणी सवयीनं उजवी मूठ पुढे ढकलली तर ट्राइक डावीकडे जाते. नवशिक्यापेक्षा मुरलेल्या स्वारालाच हा धोका जास्त असतो. अमेरिकेत तीनचाकीसाठी वेगळे प्रशिक्षण वर्ग असतात ते यामुळेच.

दुसरा प्रश्न उलटण्याचा. तीन चाकं जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. गाडीचं वजन या त्रिकोणाच्या आत राहिलं तर ती उभी राहते. पण पुढे एक आणि मागे दोन चाकं असली की त्रिकोण पुढे निमुळता होतो. समजा मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.२ मीटर आहे आणि पुढच्या चाकापासून मागच्या एक्सलपर्यंत १.७ मीटर. स्वारासकट गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या १.१ मीटर मागे आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. त्या जागी त्रिकोणाची बाजू गाडीच्या मध्यरेषेपासून जेमतेम ३९ सेंटिमीटरवर येते. आता ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ५० किलोमीटरच्या आसपास या गाडीचं आतलं मागचं चाक जमीन सोडू लागेल. त्याच वळणावर त्याच वेगानं दुचाकी साधारण ३३ अंशांत कलून, चांगल्या कोरड्या रस्त्यावर निघून जाते. मागे माणूस बसला, वर सामान बांधलं आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर गेला, तर ट्राइकची मर्यादा ४४-४५ वर येते. वळणात ब्रेक दाबला तर वजन पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे सरकतं आणि मर्यादा आणखी घटते.

म्हणजे तिसऱ्या चाकानं थांबलेल्या गाडीचा तोल मिळतो, पण वळणातला कल जातो. हा सौदा ज्याला पटला त्यानंच पुढे जावं.

पुढचं काम कारखान्यातलं. मागचं चाक आणि ते धरणारा हलता दांडा काढून त्या जागी एक चौकट, एक्सल, स्प्रिंगा आणि मोटारीसारखी दोन चाकं बसवतात. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे डिफरन्शियल. सहा मीटर त्रिज्येनं काटकोनात वळताना आपल्या उदाहरणातलं बाहेरचं चाक १०.४ मीटर चालतं आणि आतलं ८.५ मीटर. दोन्ही एकाच सळीला घट्ट जोडली तर एक चाक घासतं, आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणं हेच डिफरन्शियलचं काम.

मग पुढच्या चाकाकडे यायचं. हँडलचा कणा खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो जिथे टेकेल त्याच्या थोडं मागे टायर टेकतो. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. त्यामुळे हँडल आपोआप सरळ होतं, आणि दुचाकीला ते हवंच असतं. ट्राइकमध्ये मात्र तोच गुण दंडांवर येतो, प्रत्येक वळणाला हँडल जड लागतं. म्हणून चांगले कारागीर पुढच्या फोर्कच्या पट्ट्या बदलून त्याचा कोन वाढवतात आणि ट्रेल कमी करतात. हा खर्च टाळलेली गाडी घाटात दोन तास चालवली की खांदे भरून येतात.

ब्रेकचंही तसंच. मोटारसायकलीत थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. ट्राइकमध्ये मागे वजन वाढतं, दोन चाकं असतात, म्हणून मागचे ब्रेक दमदार हवेत आणि त्यांना पुरेल इतकं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही हवा. शिवाय हातब्रेक लागतो, कारण ही गाडी स्टँडवर उभी राहत नाही, उतारावर सोडली तर चालू लागते. आणि पाय! दुचाकीस्वार थांबताना सवयीनं पाय खाली टाकतो. ट्राइकमध्ये मागचं चाक त्याच रेषेत येत असतं. चाक पूर्ण थांबेपर्यंत पाय पायरीवरच ठेवायचा, हा पहिला धडा.

आपल्या रस्त्यांची एक गोष्ट यात जोडायला हवी. मोटारसायकलला खड्ड्यांतून जायला एकच रेघ पुरते, मोटारीला दोन. तीनचाकीला तीन लागतात. मोटार ज्या खड्ड्याला दोन चाकांमध्ये घेते, त्यातच तीनचाकीचं पुढचं चाक जातं. कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा.

हे सगळं मला नव्यानं नीट मांडावं लागलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पूर्वी तो बुलेटवर कोकण, कर्नाटक पालथं घालायचा. तो घरी आला आणि म्हणाला, “सर, गॅरेजवाला म्हणतो, जुन्या मालवाहू रिक्षाचा एक्सल बसवून देतो. डिफरन्शियलचा घोळ नको, एकाच सळीवर दोन्ही चाकं घट्ट करतो. करू का?”

मी म्हटलं, “तू माझ्याच वर्गात डिफरन्शियल शिकलास. तूच सांग.”

तो हसला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. गणित झालं, आणि कायदाही पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन, फार तर काढता येणाऱ्या साइडकारसह. मागे कायमचा एक्सल बसला की ती गाडी व्याख्येबाहेर जाते. कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकानं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. मात्र दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत योग्य तो बदल करून आरटीओकडे रीतसर नोंदवण्याची वाट कायद्यात आहे. ही वाट सोडून केलेली गाडी रोज चालेलही, पण एखाद्या दिवशी कुणाला धक्का लागला तर विम्याच्या दाव्यावर पाणी पडू शकतं. मग भरपाईचा बोजा घरावर येतो.

त्यानं शेवटी गिअर नसलेली स्कूटर घेतली आणि तिला दोन्ही बाजूंना चाकं बसवून रीतसर नोंद करून घेतली. या रचनेत मूळ मागचं चाक मध्ये तसंच राहतं आणि गाडी तेच ओढतं, म्हणून डिफरन्शियल लागत नाही. पण तिथेही एक मेख आहे. बाजूच्या चाकांना नीट स्प्रिंग नसेल तर खोलगट जागी ती दोन चाकंच वजन घेतात आणि मधलं अधांतरी राहतं. मग ओढही नाही आणि मागचा ब्रेकही नाही. त्यानं तीन ठिकाणच्या गाड्या पाहिल्या आणि हे स्वतः तपासून मगच पैसे दिले. आता तो रोज कामावर स्वतः जातो. कुणाच्या मागे बसून जावं लागत नाही, हे तो दर फोनमध्ये एकदा तरी सांगतो. बुलेट त्यानं विकलेली नाही. ती झाकून ठेवली आहे आणि तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

आपल्या घरात किंवा ओळखीत कुणी अशी गाडी करून घेणार असेल तर कारागिराला चार प्रश्न जरूर विचारा. वळताना दोन चाकं वेगवेगळी फिरतील ना? मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक आहे का, आणि हातब्रेक कुठे आहे? हँडल जड होऊ नये म्हणून पुढे काय बदल केला? आणि नोंदणीची कागदपत्रं कोण करून देणार? उत्तरं समाधानकारक मिळाली तर गाडी ताब्यात घेतल्यावर पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात घालवा. तिथे आठाच्या आकड्यात सावकाश फिरा, थांबा, पुन्हा निघा. जुना हात ही नवी गाडी शिकेपर्यंत तिला वाहत्या रस्त्यावर आणू नका.