महागाचं गाव

बॉस्टनला राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "वा, हार्वर्डच्या गावात!" आणि इथली मित्रमंडळी विचारतात, "भाडं किती?" दोघांचंही बरोबर असतं. आम्ही खरं तर नदीपलीकडे, केंब्रिजला राहतो. लाकडी तीनमजली घर, मधला मजला. अशा घराला इथे 'ट्रिपल डेकर' म्हणतात, आम्ही वाडा म्हणतो. जिना करकरतो, वरच्यांच्या चपला ऐकू येतात आणि बर्फ पडलं की गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होतात. सदाशिव पेठ सोडून आलो, असं मुळी वाटतच नाही.

आमची मित्रमंडळी बहुतेक फ्रॅमिंगहॅम, श्रूसबरीकडे. दर दिवाळीला ती हिशेब मांडतात: आम्ही भाडं भरतो तेवढ्या हप्त्यात तिकडे स्वतःचं घर, अंगण, बेसमेंट. ॲशलंडचं लक्ष्मी मंदिर जवळ, किराणा जवळ, मंडळाचा गणपती जवळ. या हिशेबात आम्हाला आजवर चूक सापडलेली नाही.

जुन्या घराची खरी किंमत मात्र भाड्याच्या पावतीवर नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. पहिल्या वाढदिवसाआधी आणि मग दोन व तीन वर्षांचं झाल्यावर. लेक दोन वर्षांची असताना डॉक्टरांचा फोन आला: आकडा वाढलाय. कारण आमच्या खिडक्या. घरासाठीच्या रंगात शिसं वापरायला बंदी आली 1978 साली, आणि आमचं घर त्याहून कितीतरी जुनं. खिडकी वर-खाली सरकवली की रंग घासून भुकटी पडायची आणि त्याच कट्ट्याला धरून पोरगी उभी राहायची. महागड्या, ऐतिहासिक गावात राहण्याची हौस कोणाला भोवली, हा प्रश्न त्या रात्री आम्हा दोघांनाही झोपू देईना.

सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर असा रंग काढणं किंवा झाकणं मालकाला बंधनकारक आहे. हा कायदा 1971 पासूनचा. "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही," हे आमच्या मालकाचं पहिलं उत्तर. नंतर काम केलं. तोवर घर रिकामं करणं भाग होतं. आई तेव्हा भारतातून आलेली. मोटेलमध्ये पोळ्या कुठे लाटणार, म्हणून श्रूसबरीच्या मित्रांकडे तीन आठवडे मुक्काम टाकला.

त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. पण सगळे कामाला गेले की आई खिडकीत बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "अरे, इथे माणसं राहतात ना? सकाळपासून एक दिसलं नाही." गाडी येत नाही आणि चालत जायला दुकान नाही. आमच्याकडे हीच आई ज्येष्ठांच्या सवलतीच्या पासावर एकटी रेड लाइनने पार्क स्ट्रीटला जायची. हे स्टेशन 1897 सालचं, अमेरिकेतल्या पहिल्या भुयारी रेल्वेवरचं. तिथून बॉस्टन कॉमनच्या बाकावर. वाट चुकली तर फुटपाथवरची फ्रीडम ट्रेलची तांबडी रेघ धरायची, इंग्रजीची गरज नाही. पॉल रिव्हिअर कोण हे तिला अजून नीटसं माहीत नाही, पण त्याचं घर तीनदा पाहून झालंय.

जुन्या गावाचं गौडबंगाल पायाखालीही असतं. प्रस्तुत लेखक इंजिनिअर असल्याने हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅक बे म्हणजे एकेकाळची खाडी. एकोणिसाव्या शतकात निडहॅमहून आगगाडीने वाळू-खडी आणून ती भरली आणि घरं लाकडी खुंटांवर उभी केली. एकट्या ट्रिनिटी चर्चखाली सुमारे साडेचार हजार खुंट आहेत. पाण्यात बुडालेलं लाकूड टिकतं. भूजल खाली गेलं आणि डोक्याला हवा लागली की कुजतं. म्हणून तिथे विहिरी खणून पाण्याची पातळी मोजतात. इतके पैसे मोजून घर घ्यायचं आणि वर पायाला पाणी आहे की नाही याची काळजी करायची!

आमच्या मोहाचं आणखी एक कारण. पाली पंडित धर्मानंद कोसंबी 1910 साली हार्वर्डला आले, विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी. 1918 साली पुन्हा आले तेव्हा मुलगा दामोदर बरोबर होता. तो इथल्या केंब्रिज लॅटिन शाळेत शिकला आणि 1929 साली हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून नावाजला. ती शाळा 1977 साली दुसऱ्या शाळेत मिळाली. त्या जोडशाळेत पुढे आमची लेक जाईल. शाळा सरकारी, फी नाही. या गावात फुकट मिळणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

लेकीचा आकडा वर्षभरात उतरला. परवा नव्या भाड्याचं पत्र आलंय. श्रूसबरीच्या मित्रांनी शेजारचं घर विकाऊ असल्याचं लगेच कळवलं, फोटोसकट. बेसमेंट सुरेख आहे. आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मे महिन्यात येतेय. पास चालेल ना अजून माझा?"