टांकसाळीतून चुकून सुटलेली नाणी

मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या टांकसाळींत कोट्यवधी नाणी पाडली जातात. तपासणीतून एखादे सदोष नाणे निसटतेच. कधी चकती साच्याखाली सरकते आणि ठसा अर्धाच उमटतो. कधी आधीचे नाणे साच्यालाच चिकटून राहते. मग पुढच्या चकतीच्या एका बाजूला ठसा नेहमीसारखा उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तोच उलटा आणि खोलगट. अशा नाण्याला संग्राहक ‘लाखी’ म्हणतात आणि त्याला चांगली मागणी असते.

प्रत्येक चूक मात्र मोलाची नसते. दोन बाजूंचे ठसे थोडे तिरपे बसलेली नाणी पुष्कळ सापडतात, म्हणून त्यांना दर्शनी मूल्याहून फारसे जास्त मिळत नाही. दोष ठळक, दुर्मीळ आणि टांकसाळीतच झालेला हवा. नंतर ठोकून, कानशीने घासून किंवा आम्लात बुडवून ‘घडवलेले’ दोषही विकले जातात. वजन आणि कडा पाहिल्यास बरेचदा ते उघडे पडतात. नाणे घासूनपुसून चकचकीत केले तरी किंमत घटते.

जाहिरातींतल्या लाखोंच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. जुनी नाणी विकून देण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेनेच 2021 मध्ये दिला आहे.