योगाचा धर्म कोणता? काही समज आणि वस्तुस्थिती

योग हा हिंदू धर्माचा आचार असून अन्य धर्मीयाने तो करणे म्हणजे स्वतःच्या श्रद्धेशी प्रतारणा होय, असे एक मत जगाच्या अनेक भागांत ठामपणे मांडले जाते. योग म्हणजे शरीर लवचीक ठेवणारा एक व्यायामप्रकार असून धर्माशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, असे दुसरे मतही तितक्याच ठामपणे मांडले जाते. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी दोघांचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे योग ही प्राचीन काळापासून एकाच रूपात चालत आलेली एकसंध गोष्ट आहे. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीतक टिकत नाही, आणि ते बाजूला ठेवले की वादातील बरेचसे प्रश्न निराळ्या रीतीने विचारावे लागतात.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की आज शिकवली जाणारी योगासने पतंजलीने सांगितली. योगसूत्रे हा सुमारे १९५ सूत्रांचा, चार पादांचा ग्रंथ असून त्याचा काळ अनेक आधुनिक अभ्यासक इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास मानतात. योगाच्या आठ अंगांच्या यादीतील उल्लेख सोडला तर या ग्रंथात आसनाला वाहिलेली सूत्रे अवघी तीन आहेत आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. दीर्घकाळ ध्यानाला बसता येईल अशी स्थिर आणि सुखावह बैठक, एवढाच तिथे आसनाचा अर्थ आहे. पद्मासन, वीरासन अशी नावे येतात ती त्यावरील भाष्यात. ग्रंथाचा खरा विषय चित्ताच्या वृत्ती, म्हणजे मनात सतत उठणाऱ्या विचार-विकारांच्या हालचाली, शांत करणे आणि पुरुष, म्हणजे शुद्ध जाणिवेचे तत्त्व, प्रकृतीहून वेगळे आहे हे ओळखणे हा असून त्या अंतिम अवस्थेला तेथे कैवल्य म्हटले आहे. तेव्हा मूळचा योग हा व्यायाम होता, असे या ग्रंथाच्या आधारे म्हणता येत नाही. मात्र तो देवपूजेचा विधी होता, असेही म्हणता येत नाही. योगसूत्रांतील ईश्वर हा सृष्टीचा कर्ता नसून क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श न झालेला एक विशेष पुरुष आहे. त्याच्या ठायी चित्त अर्पण करण्याला आठ अंगांपैकी ‘नियम’ या अंगात स्थान असले तरी समाधीच्या विवेचनात तो उपाय विकल्पाने सांगितलेला आहे. मूर्ती, मंदिर, होमहवन यांचा ग्रंथात कोठे मागमूस नाही.

शरीराला केंद्रस्थानी आणणारी परंपरा हठयोगाची, आणि तिचे उपलब्ध ग्रंथ बरेच नंतरचे, साधारणपणे अकराव्या शतकापासून पुढचे आहेत. हठयोग म्हणजे शुद्ध शैव किंवा शुद्ध हिंदू साधना, हा समजही या ग्रंथांच्या अभ्यासाने अलीकडे बराच दुरुस्त झाला आहे. या परंपरेला पायाभूत ठरलेला अमृतसिद्धी हा ग्रंथ वज्रयान बौद्धांच्या वर्तुळात रचला गेला, असे त्याच्या हस्तलिखितांवरून दिसते. दत्तात्रेययोगशास्त्र हा तेराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ तर ब्राह्मण, संन्यासी, बौद्ध, जैन, कापालिक आणि चक्क चार्वाकवादी यांपैकी कोणीही अभ्यासाने सिद्धी मिळवू शकतो असे सांगतो. परलोक न मानणाऱ्या चार्वाकालाही ज्या साधनेचे दार उघडे होते, ती पंथापेक्षा अभ्यासाला अधिक मोल देणारी होती, एवढे तरी मान्य करावे लागते. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाची हठप्रदीपिका आदिनाथ शिवाला वंदन करून सुरू होते हे खरे. परंतु तोच ग्रंथ वेष धारण केल्याने किंवा नुसत्या चर्चेने सिद्धी मिळत नाही, ती क्रियेने मिळते, असे बजावतो, आणि हठयोग ही राजयोगाकडे, म्हणजे समाधीकडे, नेणारी पायरी आहे हेही स्पष्ट करतो. महाराष्ट्रात या साधनेचा धागा नाथपंथातून ज्ञानेश्वरांपर्यंत येतो आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनी या सुप्त शक्तीचे विस्तृत वर्णन त्याचीच साक्ष देते. म्हणजे ही साधना धर्मजीवनाच्या आत होती, मोक्ष हेच तिचे साध्य होते, पण तिच्यासाठी एखाद्या विशिष्ट संप्रदायाची दीक्षा अपरिहार्य होती असे सरसकट म्हणता येत नाही. आजच्या वादातील दोन्ही पक्षांना ही स्थिती गैरसोयीची वाटते, कारण ती त्यांच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही.

मंत्र वगळून किंवा बदलून योग शिकवणे ही आधुनिक पाश्चात्त्यांनी काढलेली पळवाट आहे, असाही आरोप होतो. वस्तुतः सोळाव्या शतकात शत्तारी सूफी पंथातील शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी अमृतकुंड या योगग्रंथाच्या आधारे बह्र-अल-हयात हा फारसी ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा आसने आणि श्वासाच्या क्रिया ठेवून संस्कृत मंत्रांच्या जागी ईश्वराची अरबी नामे सुचवली होती. या ग्रंथाची आसनांच्या चित्रांनी सजवलेली एक मोगल प्रत इसवी सन १६०० च्या सुमारास तयार झाली. त्या आधी, अकराव्या शतकात, अल्-बीरूनीने पतंजलीचे विवेचन अरबीत नेलेच होते. एका श्रद्धेच्या चौकटीतून क्रिया काढून दुसऱ्या चौकटीत बसवण्याचा उद्योग भारताच्या भूमीवरच शतकानुशतके चालत आलेला आहे.

तरीही आज ज्याला जगभर योग म्हटले जाते, त्याचे रूप मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडले, आणि त्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजी या एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी योगाला मठाबाहेर आणले. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईतील वर्सोवा येथे योग इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि संन्यास न घेता, प्रपंचात राहून आरोग्यासाठी करता येईल असा योग शिकवला. स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू करून उड्डियान व नौली यांसारख्या क्रियांचे क्ष-किरण चित्रण आणि पोटातील दाबाची मोजणी यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उड्डियान म्हणजे श्वास सोडून पोट आत ओढण्याची, तर नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून फिरवण्याची क्रिया. नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे मोजून दाखवणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. कुवलयानंदांचे गुरू दोन होते : एक माधवदासजी आणि दुसरे बडोद्याचे व्यायामाचार्य राजरत्न माणिकराव. योग आणि तालीम या दोन धारा त्यांच्या कामात एकत्र आल्या त्या अशा, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांचा सहभाग राहिला तोही याच वारशामुळे. म्हणून योगाचे ऐहिक रूप अमेरिकेतल्या व्यायामशाळांनी घडवले हा समज निम्माच खरा आहे. प्रयोगशाळा, वर्ग, वेळापत्रक, शाळेच्या पटांगणावरची सामूहिक कवायत हे सारे आधी येथेच आले. मात्र ते आणणाऱ्यांनी मोक्षाचे ध्येय सोडले नव्हते, हे त्या लोणावळ्याच्या संस्थेच्या नावावरूनच कळते. म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात टी. कृष्णमाचार्यांनी शिकवलेली जोमदार आसनपद्धती आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातून जगभर नेलेली पद्धती हा याच कालखंडाचा पुढचा भाग आहे.

या संदर्भात सूर्यनमस्काराची कथा विशेष उद्बोधक आहे, कारण सर्वाधिक वाद ज्याच्यावरून होतो तो प्रकार जुन्या योगग्रंथांत आजच्या रूपात सापडतच नाही. महाराष्ट्रात नमस्कार घालणे ही परंपरा जोर-बैठकांच्या शेजारची, आखाड्यातली. तिला पद्धतशीर व्यायामाचे रूप देऊन शाळांपर्यंत नेण्याचे श्रेय औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याकडे जाते, आणि त्यांच्या पद्धतीत सूर्याची नावे व बीजमंत्र यांचा उच्चार अभिप्रेत होता. उलट हठप्रदीपिकेवरील एकोणिसाव्या शतकातील ज्योत्स्ना या टीकेत, अतोनात सूर्यनमस्कार हे शरीराला कष्टवणारे म्हणून साधकाने टाळावेत असा इशारा आढळतो, तर श्री योगेंद्र यांनीही सूर्यनमस्काराला योगात गणण्यास विरोध केला होता. थोडक्यात, धार्मिक रंग व्यायामाला होता आणि योगाचे अभ्यासक त्याला योग मानायला तयार नव्हते! पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या वेळी, २०१५ मध्ये, मुस्लिम संघटनांनी सूर्यनमस्काराला आक्षेप घेतला आणि केंद्र शासनाच्या सामायिक योग कार्यक्रमात तो नव्हता. परंपरेची हानी झाली, अशी ओरड त्यावर ज्यांनी केली त्यांनी या इतिहासाकडे दुर्लक्ष केले, आणि सूर्यनमस्कार म्हणजेच योग असे समजून साऱ्या योगालाच विरोध करणाऱ्यांनीही तेच केले.

न्यायालयांनी योग धार्मिक आहे किंवा नाही याचा निकाल लावला आहे, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात न्यायालयांनी ठरावीक वर्गात काय शिकवले जात होते एवढेच तपासले आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सरकारी शाळांत भावातीत ध्यानाचा अभ्यासक्रम चालू होता. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला मंत्र देण्यापूर्वी फळे, फुले आणि रुमाल अर्पण करून गुरुपूजन होत असे, आणि १९७९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा अभ्यासक्रम सरकारी शाळेत चालू शकत नाही असा निर्णय कायम ठेवला. याउलट कॅलिफोर्नियातील एन्सिनिटस येथील शाळांमधील योगवर्गांविरुद्ध काही पालक न्यायालयात गेले असता, २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने, वर्गात प्रत्यक्ष जे शिकवले जाते त्यात धार्मिक विधी किंवा शिकवण नाही, म्हणून ते चालू ठेवण्यास हरकत नाही, असे ठरवले. अलाबामा राज्याने १९९३ पासून शाळांतील योगावर असलेली बंदी २०२१ मध्ये उठवली, पण आसनांची नावे इंग्रजीतच घ्यावीत, मंत्र म्हणू नयेत आणि ‘नमस्ते’ म्हणू नये अशा अटी घातल्या. शेवटच्या अटीला हास्यास्पद म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. मुस्लिमबहुल देशांतही एकच भूमिका नाही : मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २००८ मध्ये योग मुस्लिमांना निषिद्ध ठरवला, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ मध्ये मंत्र व विधी असलेला योग निषिद्ध आणि निव्वळ शारीरिक योग अनुज्ञेय असा भेद केला, तर सौदी अरेबियाने २०१७ मध्ये योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली.

श्रद्धेशिवाय योगाचा उपयोग होत नाही, हा समज मात्र फार वेळ न घेता बाजूला ठेवता येतो. दीर्घकाळच्या कंबरदुखीवर योगाचा उपयोग व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत अल्प ते मध्यम प्रमाणात होतो, असे वैद्यकीय संशोधनाच्या २०१७ मधील आढाव्यांतून पुढे आले. स्नायूंना ताण आणि श्वासाला लय मिळण्यासाठी करणाऱ्याचा देव कोणता हे पाहिले जात नाही. मात्र कैवल्य हे ज्याचे साध्य आहे, त्याला पाठीचे दुखणे कमी झाले म्हणजे योग साधला असे वाटणार नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

भारतीय शासनव्यवस्थेनेही या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही. वस्तू व सेवा करातील सवलतीच्या तरतुदीत धर्म, अध्यात्म आणि योग यांचा प्रसार अशी तीन नावे शेजारी ठेवली आहेत, म्हणजे योग धर्माच्या पंगतीला बसवला आहे पण त्याचे पान वेगळे मांडले आहे. शाळांत योग सक्तीचा करावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये फेटाळली ती धर्माच्या मुद्द्यावर नव्हे, तर शाळेत काय शिकवावे हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही या कारणाने. क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये योगासनांना स्पर्धात्मक खेळाचा दर्जा दिला. त्या स्पर्धांत पंच शरीराची अचूक मांडणी आणि काठिण्य पाहून गुण देतात, तर योगसूत्रांच्या हिशेबी आसन साधल्याची खूण म्हणजे प्रयत्न शिथिल होणे आणि शरीराकडे लक्ष देण्याची गरजच न उरणे.