घास अडतो तेव्हा

पोळी घशाशी अडू लागली, की आजीला ती दुधात कुस्करून दिली जाते. पुढे गुरगुट्या भात, मग पेज. 'वयच झाले आता' असे म्हणत घर प्रत्येक पायरी निभावून नेते आणि या मायेच्या आड दुखणे मात्र वाढत राहते. वयाने गिळणे थोडे मंदावते, हे खरे. पण घास अडणे याला म्हातारपण म्हणून सोडून देता येत नाही.

वास्तविक गिळणे ही मोठी कसरतच! घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकमेकींना छेदतात. घास मागे सरकताच स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो. सारा खेळ सुमारे एका सेकंदाचा.

म्हणून पहिला प्रश्न असा, की जड काय जाते, पाणी की पोळी? पाण्याने ठसका लागत असेल, तर दोष बहुधा मज्जातंतूंचा किंवा स्नायूंचा; पक्षाघातात, कंपवातात असे होते. आधी पोळी, मग भात आणि शेवटी पातळही अडू लागले, तर अन्ननलिका अरुंद होत असावी. जुन्या आम्लपित्ताचा व्रण किंवा कर्करोगही त्यामागे असू शकतो. तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांना धोका अधिक. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

कधी अन्ननलिकेचे खालचे दारच उघडत नाही आणि घन-पातळ दोन्ही अडते. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा रोग्याचे अन्न देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून खाली ढकलविले होते! आज फुग्याने ते दार रुंदावतात किंवा तिथला स्नायू छेदतात.

पक्षाघाताच्या रोग्याला तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा चमचाही देऊ नये. आडवे निजवून पेज पाजणे फार वाईट; ती फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. काहींना ठसकाही लागत नाही. जेवणानंतर घोगरा, ओलसर आवाज किंवा वरचेवर येणारा ताप एवढीच खूण. वाचा-उपचारतज्ज्ञ अशांना गिळण्याचे व्यायाम शिकवितात, द्रव दाट करून देण्याचे प्रमाण ठरवितात. आपण ठसका लागला की 'वर बघा' म्हणतो. ते मात्र काही रोग्यांना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावतात. कोणाला कोणते आसन, हे तपासणीनंतरच ठरते.