तळे राखील तो पाणी चाखील का?

नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यात पेंच नदीवर तोतलाडोह धरण आहे. या नदीच्या पाण्यावर वीज तयार होते, शेते भिजतात आणि नागपूरकरांची तहानही भागते. मात्र जलाशयाचा मोठा भाग मध्य प्रदेशात आहे आणि काठावर आहे वाघांचे जंगल! या पाण्यातला मासा कोणाचा, हा साधा वाटणारा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता.

एक तळे, तीन खाती

आपल्याकडे धरण सांभाळते पाटबंधारे खाते, मासे मत्स्यव्यवसाय खाते आणि जंगल वन खाते. मासेमारी हा राज्यांचा विषय. वने आणि वन्यप्राणी मात्र १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने केंद्र व राज्ये यांच्या समवर्ती सूचीत गेले. एरवी धरणातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. पण पाणी राष्ट्रीय उद्यानात असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तेथे मासाही वन्यजीवच ठरतो!

उद्यानाच्या हद्दीत पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मध्य प्रदेशाने १९९६ मध्ये मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याविरुद्ध प्राणी व पर्यावरणासाठी काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली.

तिची भीती निराधार नव्हती. उन्हाळ्यात पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत उगवते. चितळांचे कळप तेथे चरायला येतात आणि त्यांच्यामागे वाघ. त्याच काठावर माणसांचा राबता वाढला, चुली पेटल्या, की वणव्याचा धोका आलाच. मच्छीमारांच्या आडून चोरटे शिकारीही आत शिरू शकतात. दुसरीकडे, ज्यांचे जंगल उद्यानात गेले, त्या आदिवासींनी पोट कशावर भरायचे?

परवाना, पण अटींसह

५ मार्च १९९७ रोजी न्यायालयाने निकाल दिला. जंगल वाचलेच पाहिजे, पण आदिवासींच्या उपजीविकेचाही विचार व्हायला हवा, असा त्याचा आशय होता. परवाने कायम राहिले, मात्र कडक अटींवर. प्रत्येकाला छायाचित्रासह ओळखपत्र, ये-जा करणाऱ्यांची नोंद, काठावर चूल पेटवायला बंदी, जलाशयातल्या बेटांवर जायला मनाई. उद्यानाची अंतिम अधिसूचना वर्षानुवर्षे रखडली होती. ती लवकर काढावी, असेही राज्याला सांगण्यात आले.

खरी मेख येथेच आहे. लोकांचे हक्क ठरवण्याचे काम सरकार लांबणीवर टाकते आणि त्याचा भार रात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकावर व जाळे टाकणाऱ्या मच्छीमारावर पडतो. दोघेही गरीब घरचे, आणि भांडण मात्र त्यांच्यातच!

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या जलाशयांतील मासे हा गावाचा सामूहिक हक्क म्हणून मान्य केला. वन्यप्राण्यांच्या अतिसंवेदनशील अधिवासांत हे हक्क ठरावीक प्रक्रियेने बदलता येतात. पण आधी ते मान्य करावे लागतात.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्याला पाणी चाखायलाच मिळणार नाही, तो तळे राखील कशाला? जंगल राखायचे, तर काठावरच्या माणसाला राखणदार करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.